मुका मार

लहानपणापासून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "डोक्यावर पडलायस का?" गणिताच्या गुरुजींनी तो विचारला, वडिलांनी विचारला (हे दोघे एकच गृहस्थ असल्यामुळे तो शाळेतही विचारला जाई आणि घरीही), बी.कॉम.ला अकाउंटन्सीच्या सरांनी विचारला, आणि लग्नानंतर हा अधिकार रीतसर बायकोच्या नावे हस्तांतरित झाला. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम नकारार्थी होतं. गेल्या डिसेंबरपासून ते डळमळीत झालं आहे.

राहात्याच्या माणसानं 'डोक्याला मार लागला' असं नुसतं म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नगर-मनमाड रस्ता उभा राहतो. "कोण होतं समोर? उसाचा ट्रॅक्टर का शिर्डीची ट्रॅव्हल्स?" असं तो मोठ्या आशेनं विचारतो. त्यामुळे खरी हकीकत सांगितली की समोरच्याचा चेहरा पडतो. आपण फसवलो गेलो असं त्याला वाटतं.

हकीकत अशी. आमच्या शाखेत ग्राहकांसाठी काउंटरला दोरीनं बांधलेलं एक पेन आहे. ते लिहीत नाही. पण चोरीला जाऊ नये म्हणून बांधलेलं आहे. त्या दिवशी ते दोरीसकट सुटलं आणि माझ्या बाजूला खाली पडलं. मी वाकलो. माझ्या मागे भिंतीला एक लोखंडी कपाट ठोकलेलं आहे. त्याचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं. (हा 'कुणीतरी' मीच होतो, असं नंतर चौकशीअंती निष्पन्न झालं.) पेन घेऊन मी ज्या तडफेनं उठलो, तेवढी तडफ बावीस वर्षांच्या नोकरीत मी कधी दाखवली नव्हती. 'ठण्ण' असा आवाज झाला. तो दाराचा होता का डोक्याचा, यावर शाखेत अजून दोन मतं आहेत. शिपाईमामांनी आधी दार तपासलं आणि म्हणाले, "पोचा आलाय, साहेब."

रक्त नाही, खोक नाही. एक टेंगूळ, तेही केसांत दडलेलं. मी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "पेन सापडलं का?" सगळे हसले. दोन मिनिटांनी मी पुन्हा म्हणालो, "पेन सापडलं का?" तेव्हा निम्मे हसले. तिसऱ्यांदा विचारल्यावर कुणीच हसलं नाही आणि मॅनेजरसाहेबांनी स्वतःची गाडी काढली.

डॉक्टर शांत गृहस्थ होते. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. "आज वार कोणता?" "मंगळवार." "हे गाव कोणतं?" "राहाता." "जिल्हा?" "नगर." एव्हाना बायको धापा टाकत येऊन पोचली होती. ती घाबरून म्हणाली, "बघा ना डॉक्टर, ह्यांना आठवत नाहीये! २०२४ पासून अहिल्यानगर झालंय." डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मार न लागलेल्यांचंही अजून तसंच होतं. अर्धे गुण देऊन टाकू."

मग स्कॅन झालं. या यंत्राची एक गंमत मला नंतर समजली. गॉडफ्रे हाऊन्सफील्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ते बनवलं. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचं डोकं त्यात गेलं आणि १९७९ साली हाऊन्सफील्डना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. हे गृहस्थ ज्या कंपनीत नोकरीला होते तिचं नाव ई.एम.आय. ग्रामोफोनच्या तबकडीवर कर्ण्यापुढे बसलेला जो कुत्रा आपण पाहिला, त्याचे मालक तेच. आम्हां बँकवाल्यांना मात्र ई.एम.आय. म्हटलं की हप्ताच आठवतो, आणि स्कॅनचं बिल पाहिल्यावर हे नाव कुणी उगाच ठेवलेलं नाही अशी माझी खात्री झाली.

रिपोर्ट आला. त्याचा मराठीत अर्थ एवढाच, की डोक्यात काहीही आढळलं नाही. बायकोनं तो वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. पुढेमागे उपयोगी पडेल असा कागद आहे, असं तिचं मत दिसलं.

"काही नाही, तर मग हे असं का करतायत?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला की तो आतल्या आत हिंदकळतो. मोडत काही नाही, पण पेशींचा आपापसांतला व्यवहार काही काळ विस्कळीत होतो. स्कॅनमध्ये रचना दिसते, व्यवहार दिसत नाही. इंग्रजीत ह्याला कन्कशन म्हणतात. "म्हणजे मेंदूला मुका मार," बायको म्हणाली. "अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. मलाही ते माझ्या भाषेत समजलं. इमारत शाबूत आहे, काउंटर शाबूत आहेत, माणसं जागच्या जागी बसली आहेत, फक्त लिंक नाही.

"लिंक कधी येईल?" मी विचारलं. हा प्रश्न मला रोज पन्नास ग्राहक विचारतात. डॉक्टरांनी मला नेमकं तेच उत्तर दिलं जे बावीस वर्षं मी ग्राहकांना देत आलो आहे. "येईल. थोडं थांबा." अशा उत्तरानंतर ग्राहक माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत बरं वाटतं, काहींना महिने लागतात, असं ते म्हणाले. पहिले दोन दिवस विश्रांती, टीव्ही-मोबाईल जवळजवळ बंद. मग थोडं थोडं चालणं, थोडं वाचणं. त्रास वाढला की तिथंच थांबायचं. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, फिट आली, बोलणं अडखळलं किंवा जागं करूनही शुद्ध नीट येईना, तर एक मिनिटही न दवडता दवाखान्यात यायचं. आणि हे बरं होण्याआधी डोक्याला दुसरा मार लागता कामा नये. तो फार महागात पडतो. बायकोनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि त्या रात्री दर अर्ध्या तासानं मला हलवून, "झोप लागली का हो?" असं विचारून खात्री करून घेतली.

पाय मोडण्यात जी प्रतिष्ठा आहे ती मुक्या मारात नाही. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याचा पाय मोडला होता. त्याला पांढरंशुभ्र प्लास्टर मिळालं, लोकांनी त्यावर सह्या केल्या, एसटीत बसायला जागा मिळाली. माझ्याकडे दाखवायला काय? तिसऱ्या दिवशी टेंगूळही गेलं. "आता कसं वाटतंय?" या प्रश्नाला, "डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतंय," असं खरं उत्तर दिलं, तर लोक म्हणत, "ते तर आधीपासूनच होतं!"

भेटायला येणाऱ्यांत आणखी एक अडचण होती. आमचं राहाता शिर्डीपासून जेमतेम पाच किलोमीटर. साईबाबा स्वतः अधूनमधून शिर्डीहून राहात्याला येत, असं त्यांच्या चरित्रात आहे. तेव्हा भक्तांनीही यावं यात नवल नाही. "शिर्डीला आलोच होतो, म्हटलं जाता जाता तुलाही बघून जावं," असं म्हणत मुंबई-पुण्याचे सगळे नातेवाईक येऊन गेले. तिकडे दर्शनाला रांग तरी असते. माझ्याकडे थेट प्रवेश होता. प्रत्येकानं उपचार सांगितला. कुणी आंबेहळद उगाळून लावायला सांगितली, कुणी नाकात तूप, कुणी ब्राह्मीचं तेल, कुणी भिजवलेले बदाम. एका आत्यानं तर माझ्यादेखतच बायकोला विचारलं, "ह्याचं पूर्वी होतं तेवढं तरी परत येईल ना गं?" आणि जाताना सगळ्यांनी राहात्याचे पेरू पिशव्या भरभरून नेले. मला राहिली ती गडबड. त्यांचे आवाज गेल्यावरही तासभर माझ्या डोक्यात घुमत राहत.

आवाज आणि उजेड हेच मुख्य शत्रू. त्यातून हंगाम उसाचा. आमच्याच तालुक्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. आशियातला पहिला म्हणून त्याचा लौकिक आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर मागे लावून, कर्ण्यावर गाणी वाजवत रात्री दीड वाजता घरावरून जाऊ लागला, की सहकारावरची माझी श्रद्धा डळमळू लागे.

उजेडासाठी मी काळा चष्मा घेतला. तीन आठवड्यांनी तो लावूनच बँकेत रुजू झालो. पहिल्याच सकाळी माझ्यापुढे दहा-बारा माणसांची रांग होती. पहिल्या ग्राहकानं मला पाहिलं आणि मागे वळून नुसतं एवढंच म्हणाला, "डोळे आलेत." मिनिटाभरात रांग शेजारच्या काउंटरला गेली. नोकरीतला तो माझा सर्वांत निवांत दिवस.

बिछान्यात कूस बदलली की घर गरगर फिरायचं, हा आणखी एक प्रकार होता. डॉक्टर म्हणाले, आपल्या आतल्या कानात अगदी बारीक खडे असतात, तोल सांभाळायला. मार लागला की ते कधी कधी जागा सोडून भलत्या नळीत जातात. मी तांदळातले खडे ऐकले होते, मूत्रपिंडातले ऐकले होते; कानातले पहिल्यांदाच ऐकले. त्यांनी मला आडवं केलं, मान एका बाजूला वळवली, थांबले, मग दुसऱ्या बाजूला वळवली, कुशीवर केलं, उठवून बसवलं. दोन वेळा असं केल्यावर घर फिरायचं थांबलं. पडलेलं पेन पुन्हा कधी उचलायचं नाही, असा मी कानाला खडा लावला. खडे आधीच तिथे असल्यामुळे फारसं काही करावं लागलं नाही.

चक्कर गेली. डोकेदुखी, विसर आणि चिडचिड ही तिघं मात्र मुक्कामाला राहिली. क्रिकेटमध्ये अशा खेळाडूची सोय केलेली आहे. २०१९ पासून नियम आहे, की डोक्याला चेंडू लागून मेंदूला हादरा बसला तर त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो. २०२० च्या डिसेंबरात कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी आलेला चहल तीन बळी घेऊन सामनावीर ठरला. हे सगळं मी साहेबांना समजावून सांगितलं आणि म्हणालो, "साहेब, मलाही काही दिवस असा बदली मिळाला तर बरं." साहेबांनी शेवटचे चार शब्दच ऐकले असावेत. "बदली हवी? अर्ज द्या. नंदुरबारला जागा आहे."

मी कॅशवरच बसलो. आता आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं भारदस्त नाव आलं आहे, पण नोटा त्याच. २०१६ च्या नोटाबंदीत रात्री अकरापर्यंत नोटा मोजून माझा कधी एक रुपयाचा फरक आला नव्हता. आता पाचशेची गड्डी मोजताना सत्तेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस येतो की आपण तो घेऊन झालो, हे कळेना. यंत्रावर टाकावी तर त्याचा फर्रर्र आवाज थेट टेंगळाच्या जुन्या पत्त्यावर जाई. शक्ती म्हणजे सकाळी खात्यावर जमा होणारी छोटीशी रक्कम झाली होती. बाराला ती संपे. पुढे जे काढावं तो ओव्हरड्राफ्ट, आणि त्याचं व्याज दुसऱ्या दिवशी कपाळातून वसूल होई.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कॅश पाच हजारांनी कमी आली. तीन वेळा मोजली. साहेबांनी मोजली. शिपाईमामांनी टेबलाखाली बॅटरी मारून पाहिली, दोरीचं पेन तेवढं सापडलं. शेवटी मी माझ्या खात्यातून पाच हजार काढले आणि भरले. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. पैशांचं दुःख होतंच, पण गाडीला किल्ली लावताना मनात एकच आलं, की ही लिंक आता आलीच नाही तर? मला दुसरं काय येतं? गाणं येत नाही, शेती येत नाही. हिशेब बरोबर येतो, एवढीच माझी इस्टेट होती.

अशा मनःस्थितीत घरी आलो. नाना, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. नाना ऐंशीचे. प्राथमिक शाळेत अडतीस वर्षं गणित शिकवलं. गेली दोनेक वर्षं त्यांचं जवळचं सगळं पुसट होत चाललं आहे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला कसा लागला, फ्रँक वॉरेलनं त्याच्यासाठी रक्त कसं दिलं आणि एकवीस वर्षांचा पतौडी कप्तान कसा झाला, ते काल घडल्यासारखं आठवतं. माझं डोकं आपटल्यापासून ही हकीकत ते मला रोज चार वेळा सांगत. कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात पुढे बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये काढली, हे शेपूट मी दर वेळी जोडत असे आणि दर वेळी ते त्यांना नवीन असे.

"आज वार कोणता रे?" नानांनी विचारलं. मी सांगितलं. चहा आला. "आज वार कोणता म्हणालास?" मी सांगितलं. मी कपाळ दाबत बसलो होतो. "अरे, आज वार..."

"नाना, आत्ताच सांगितलं ना! किती वेळा तेच? डोक्यावर पडलायत का?"

घरात एकदम शांतता झाली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आलेला नव्हता. ते आठवत होते. मग अगदी सरळपणानं म्हणाले, "मी नाही बाबा. तू पडलायस ना?"

वार लक्षात राहत नव्हता, जेवण लक्षात राहत नव्हतं. मला लागलंय, हे तेवढं लक्षात राहिलं होतं.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मी बायकोला विचारलं, "गॅस बंद केलास का?" ती म्हणाली, "हो." जरा वेळानं मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "हो." तिसऱ्यांदा विचारताना माझं मलाच कळलं, पण शब्द तोंडातून गेले होते. ती त्याच आवाजात म्हणाली, "हो, केलाय. झोपा." पेनबद्दल तीनदा विचारलं तेव्हा साहेबांनी गाडी काढली होती. आज वार कोणता, हा प्रश्न डॉक्टरांनी मला केवढ्या मायेनं विचारला होता. दोन वर्षं नाना तोच प्रश्न मला विचारत होते, आणि मी त्यांच्यासाठी गाडी सोडाच, आवाजसुद्धा खाली आणला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नानांच्या शेजारी ओट्यावर बसलो आणि म्हटलं, "नाना, माझे पाढे घ्या." डॉक्टरांनी डोक्याला थोडं थोडं काम द्यायला सांगितलंच होतं. नाना ताठ बसले. "सतराची दिडकी?" "साडे... पंचवीस." "एकोणीसची पाउणकी?" मला येईना. नाना थांबले. शाळेत असते तर छडी उचलली असती. आता म्हणाले, "घाई नाही. सव्वाचौदा." मग स्वतःच विचारलं, "आज वार कोणता?" मी वार सांगितला. त्यांनी अकराची औटकी विचारली. मी साडेअडतीस म्हटलं. असं आमचं दहा-पंधरा मिनिटं चाले. कपाळ ठणकू लागलं की मी हात वर करायचा, की शाळा सुटली.

फेब्रुवारीत गड्डी सत्तेचाळीसच्या पुढे गेली. मार्चअखेरीचं काम साहेबांनी थोडं वाटून घेतलं, थोडं मी केलं. फरक आला नाही. अजून दुपारी चारनंतर कधी कधी लिंक जाते. काळा चष्मा खणात आहे, गर्दीच्या दिवशी उपयोगी पडतो. ते पाच हजार मात्र आले नाहीत.

पाढ्यांची शाळा चालूच आहे. नानांना औटकी येते आणि वार येत नाही. मला वार येतो आणि औटकीला वेळ लागतो. दोघांचं मिळून एक डोकं बरं चालतं. बँकेत याला संयुक्त खातं म्हणतात, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करावा. नानांनी या इंग्रजी शब्दांचा अर्थ विचारला. पहिल्या शब्दाचा मी सांगितला.

परवा पाढे चालू असताना नाना मध्येच थांबले. बराच वेळ काहीतरी आठवत राहिले आणि म्हणाले, "अरे, त्या दिवशीचं ते पेन सापडलं का?"

"सापडलं, नाना."

"लिहितं का?"

चार महिन्यांत डॉक्टर, साहेब, नातेवाईक, इतके लोक येऊन गेले. हा प्रश्न कुणालाही सुचला नव्हता.

"नाही."

"मग वाकलास कशाला?" नाना म्हणाले. "तेराची औटकी?"